खुब्याच्या गोळ्यावरचा दुसरा पट्टा

आईच्या खुब्यातून आवाज यायला लागला, तेव्हा माझी पीएचडी अर्ध्यावर आली होती. आवाज मोठा नव्हता. नवी चामडी चप्पल कुरकुरावी तसा. पाऊल टाकून तिनं अंग पुढं झोकलं की बारीक 'कुईं' व्हायचं. घरात भांड्यांच्या गडबडीत ते कुणाला कळायचं नाही. पण देवळाच्या ओसरीत, मयताच्या घरी सगळे खाली माना घालून बसलेले असताना, किंवा एसटी उभी असून इंजिन बंद असताना तो स्पष्ट ऐकू यायचा. माणसं आधी तिच्या पायाकडं बघायची आणि मग तोंडाकडं.

तिच्या खुब्यात हाडाच्या जागी बनावट गोळा बसवलेला होता; तो तिथं कसा आला, ते आधी सांगते.

आमचं गाव मांजरसुंब्याच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत. दिवाळी झाली की आई आणि आबा ऊसतोडीला पश्चिमेकडं जायचे. मी आधी मावशीकडं आणि मग हॉस्टेलवर राहून शिकले. मी पीएचडीला लागले त्याच्यानंतरच्या हंगामात आई डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत होती. फळीवर दव होतं. पाय सरकला आणि ती कुशीवर पडली. तिला तेव्हा चाळिशी लागून थोडीच वर्षं झाली होती. टोळीतल्या लोकांनी जीपमध्ये झोपवून तिला थेट अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मीही विद्यापीठातून तिथं पोचले.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडं धरून बघितला. मांडीच्या हाडाचं वरचं टोक मोडलं होतं. "सांधाच बदलावा लागेल," ते म्हणाले. "पण एवढ्या वयात हाड इतकं ठिसूळ कसं?"

आबांनी फरशीकडं बघितलं. आई पडल्या पडल्या म्हणाली, "पिशवी काढल्यापासनं असंच हाय, साहेब."

डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही. तोडीवरच्या कितीतरी बायकांची गर्भपिशवी तरुणपणीच काढलेली असते आणि मग हाडं लवकर ठिसूळ होतात; हे उत्तर त्यांना नवं नसावं. थोड्या वेळानं मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की बाईचं वय कमी आहे, गोळा ज्यात फिरतो ती वाटी प्लॅस्टिकची घातली तर पुढं झिजेल. एका संस्थेनं सिरॅमिकचा सेट दिलेला आहे, गोळाही सिरॅमिकचा आणि वाटीही, तो बसवू.

"अल्युमिना आणि झिरकोनिया?" मी विचारलं.

ते थांबले. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्याच्यावरच काम करते."

हे मी जरुरीपेक्षा मोठ्यानं बोलले. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. आई वेदनेनं ओठ चावत होती, तरी शेजारच्या बाईला तिनं सांगितलं, "माझ्या लेकीच्या हातचा बसवनार हायेत." तसं काही नव्हतं, मी असे गोळे बनवत नव्हते. पण मी तिला दुरुस्त केलं नाही. तेव्हा ते ऐकायला बरं वाटत होतं.

माझं काम असं होतं. हे सिरॅमिक डोळ्यांना काचेच्या गोटीसारखं गुळगुळीत दिसतं, पण आत ते दाण्यांचं असतं. अल्युमिनाचे दाणे, त्यांच्यामध्ये झिरकोनियाचे बारीक दाणे, आणि कुठं कुठं राहिलेली रिकामी भोकं. आत एखादी चीर धावायला लागली की तिच्या वाटेतला झिरकोनियाचा दाणा आपली रचना बदलतो, किंचित फुगतो आणि चिरेला दाबून धरतो. त्यामुळं हा पदार्थ सहजासहजी फुटत नाही. पण ओल आणि ताण यांच्यामुळं हेच दाणे नको तिथं बदलायला लागले, तर पृष्ठभाग हळूहळू उकलतो. हे बघायचं तर किरण आत सोडायचे आणि ते कुठल्या कोनात किती विखुरतात ते मोजायचं. दाण्याची रचना बदलली की कोन बदलतो. बारीक चिरा पडल्या की अगदी लहान कोनांमध्ये जास्त किरण विखुरतात. आमच्या प्रयोगशाळेतले क्ष-किरण कमी जोराचे, दवाखान्यातल्यासारखे आरपार न जाणारे. ते वरच्या पापुद्र्याचं सांगतात. न्यूट्रॉन मात्र सगळा गोळा पार करून जातात आणि गाभ्याचं सांगतात. त्याच्यासाठी मुंबईला अणुभट्टीवर जावं लागतं, आणि पाळी यायला महिनोन् महिने थांबावं लागतं.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी पाठवताना डॉक्टरांनी आईला बजावलं, "मावशी, उकिडवं बसायचं नाही. मांडी घालायची नाही. खुर्ची वापरायची, संडासलासुद्धा." आबांनी बीडहून मधोमध भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणली. ती घेऊन अंगणातून जाताना आई पदर तोंडावर ओढून घ्यायची. तरी तिनं सगळं पाळलं. वर्षभरात ती काठी सोडून चालायला लागली.

मग आवाज सुरू झाला.

डॉक्टर म्हणाले, "काही जणांना होतं. दुखत नाही ना? मग घाबरू नका. फक्त वाकणं-बसणं सांभाळा."

दुखत नव्हतं, पण गावात व्हायचं ते झालं. पोरं तिच्या मागं चालायची आणि तिच्या पावलाबरोबर तोंडानं तसाच आवाज काढायची. चुलती एकदा ओट्यावरून म्हणाली, "आलीस व्हय? लांबूनच कळलं. नव्या नवरीचे पैंजण वाजावे तसं वाजतंय." आई हसली. पण त्याच्यानंतर चुलतीच्या ओट्यावर जाणं तिनं कमी केलं. मग देवळात जाणं. मग कुणाच्या बारशाला, कुणाच्या दहाव्याला.

मीही काही वेगळी नव्हते. एकदा तिला तपासणीला नेताना आम्ही बीडच्या बसस्टँडवर उतरलो. क्लासच्या पोरी घोळक्यानं उभ्या होत्या. आम्ही जवळून गेलो आणि त्यातली एक वळली. लगेच मी आईशी मोठमोठ्यानं बोलायला लागले. अमकी बस, तमकं फलाट, ऊन किती झालंय. मला काही सांगायचं नव्हतं, आवाज झाकायचा होता. आईला कळलं होतं, आणि तिला कळलं हे मला कळलं होतं. रिक्षात बसल्यावर आम्ही दोघीही रस्त्याकडं बघत राहिलो.

त्याच सुमारास अंबाजोगाईच्या माझ्या जुन्या कॉलेजातून निरोप आला. विज्ञानाच्या मुलींसमोर मी माझ्या संशोधनावर बोलावं, आणि आईवडिलांनाही आणावं, त्यांचा सत्कार करू. मी आईला फोन केला.

"कवा हाय?" तिनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"माईक हाय का तिथं?"

"आहे की."

"पोरी गप बसतेत का?"

"एकदम शांत असतं गं. मोठा हॉल आहे. तू पुढच्या रांगेत बस."

ती म्हणाली, "बरं. येते."

मला वाटलं, माझं बोलणं नीट ऐकू येईल का, याची तिला काळजी आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पुण्याहून एक सेमिनार आटोपून परस्पर कॉलेजात गेले. आबा आणि आई गावाहून आले. मी व्यासपीठावर जाऊन बसले तेव्हा पुढच्या रांगेत आबा होते, पांढरीशुभ्र टोपी घालून, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. आई हॉलच्या दाराशी चौकटीला हात लावून उभी होती. मी तिला हातानं खूण केली, आत ये. तिनं नको म्हणून मान हलवली. मी पुन्हा खूण केली नाही. मला वाटलं ती बुजली असेल. आणि मनाच्या तळाशी मला हायसं वाटलं. हे मी तेव्हाच ओळखलं होतं, पण व्याख्यान सुरू व्हायचं होतं, म्हणून तिकडं बघितलं नाही.

व्याख्यान छान झालं. मी मुलींना दाणे दाखवले, भोकं दाखवली, किरण कसे विखुरतात ते फळ्यावर काढून दाखवलं. कृत्रिम सांध्याचं उदाहरणही दिलं. तो सांधा कुणाच्या अंगात आहे ते सांगितलं नाही. मुलींनी प्रश्न विचारले. एकीनं विचारलं, "मॅडम, न्यूट्रॉन आरपार जातो, तर त्याला आतलं कळतं कसं?" प्रश्न चांगला होता, मी रमून उत्तर दिलं. सगळा वेळ आई दारात उभी होती.

मग प्राचार्यांनी आबांना आणि आईला सत्कारासाठी बोलावलं. आबा दोन पावलांत व्यासपीठाशी आले. आईला दारापासून मधल्या वाटेनं सगळा हॉल ओलांडून यायचं होतं. मुली मागं वळून बघत होत्या आणि टाळ्या वाजवायचं विसरून शांत झाल्या होत्या.

मला वाटलं होतं तोच आवाज येईल. आला तो वेगळा होता. जात्यात खडा सापडावा तसा, खरखरीत. एकेका पावलाला येत होता. मधल्या बाकांवर कुजबुज झाली. मग कुठंतरी एक मुलगी हसली. ती वाईट हसली असं मी म्हणणार नाही, त्या वयात हसू येतं. पण तिच्यामागं दुसरी हसली, आणि पाठोपाठ एक पूर्ण रांग. प्राचार्य माईकमध्ये "शांत, शांत" म्हणाले, त्यानं ते आणखी वाढलं. आई व्यासपीठाच्या पायरीशी आली आणि तिला पाय उचलेना. मी खाली उतरले, तिचा हात धरला. तळहात घामानं निथळत होता. तिच्या खांद्यावर शाल घातली तेव्हा ती माझ्याकडं बघत नव्हती.

परतीच्या जीपमध्ये ती म्हणाली, "माझ्यापायी तुझं हसं झालं."

"काही नाही गं," मी म्हणाले.

याहून जास्त बोलायला हवं होतं. पण माझे स्वतःचे कान अजून तापलेले होते. आबा पुढच्या सीटवर नारळ मांडीवर घेऊन बसले होते, तेही वळले नाहीत.

त्या आठवड्यात तिला पाऊल टेकवेना. दवाखान्यात नवीन एक्स-रे काढला. वाटीच्या काठाचा तुकडा उडाला होता आणि गोळा त्याच्यावर घासत होता. पुन्हा ऑपरेशन. या वेळी गोळा नवा सिरॅमिकचा, पण वाटी चांगल्यातल्या प्लॅस्टिकची बसवायची असं ठरलं.

"काढलेल्या गोळ्याचं काय करतात?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तुम्हाला हवाय? मावशी हो म्हणाल्या तर घेऊन जा. अभ्यासाला उपयोगी पडेल."

आईला विचारलं तर ती म्हणाली, "ने की. मला कशाला पाहिजे?"

ऑपरेशनच्या वेळी मी थिएटरच्या बाहेर बाकावर होते. बराच वेळ झाला आणि एक सिस्टर बाहेर आली. मी उठून तिच्याकडं धावले.

"सिस्टर, तो जुना गोळा वाफेत घालू नका. निर्जंतुक करायला वाफ नको. वाफेनंही झिरकोनिया बदलतो, मग आतला बदल कशानं झाला ते कळणार नाही. केमिकलमध्ये ठेवा, प्लीज."

सिस्टरनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठेवते. लोक आधी पेशंट कसा आहे ते विचारतात."

आबा माझ्या मागंच उभे होते. त्यांनी विचारलं, "कशी हाय ती?" सिस्टर म्हणाली, "चांगल्या आहेत, टाके घालतायत." मी बाकावर परत जाऊन बसले. ती सिस्टर त्याच्यानंतर जाता-येता दिसली की मी मोबाइल बघायचे.

तो गोळा मी धुऊन, जंतुनाशकातून काढून, कापसात गुंडाळून विद्यापीठात नेला. हातात घेतला तेव्हा थंड आणि जड लागला. पेन्सिलचं शिसं फिरवलं की झिजलेल्या जागी ते धरतं. तसा एक करडा पट्टा उमटला. मार्गदर्शक सरांनी भिंग लावून बघितलं. "चालताना वाटीच्या काठावर टेकलाय," ते म्हणाले. "नेहमीचंच आहे. तरी एकदा सगळ्या गोळ्यावर क्ष-किरण फिरवून नकाशा काढ."

नकाशा काढायला पुष्कळ दिवस लागले. गोळा जरासा फिरवायचा, मोजायचं, पुन्हा फिरवायचा. एकेका जागी झिरकोनियाचे किती दाणे बदललेत ते रंगानं दाखवायचं. नकाशा भरत आला तेव्हा त्याच्यावर दोन पट्टे होते. एक तोच, पेन्सिलनं दाखवलेला. दुसरा त्याच्यापासून बराच दूर, गोळ्याच्या मागच्या अंगाला. डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं. क्ष-किरणांना दिसत होतं.

सर खूश झाले. सुदैवानं तेव्हाच अणुभट्टीवरची आमची पाळी आली होती. आम्ही तो गोळा आणि त्याच जातीचा एक कोरा गोळा घेऊन मुंबईला गेलो. आधी दोन्ही गोळे अखंड ठेवून न्यूट्रॉन सोडले. जुन्या गोळ्याचा गाभा कोऱ्यासारखाच निघाला; एक दाणाही बिघडलेला नव्हता. माल चांगला होता, वयानं किंवा ओलीनं काही झालेलं नव्हतं. मग हिऱ्याच्या चक्रीनं दोन्ही पट्ट्यांखालचे पातळ काप काढले. गोळा कापताना मी स्वतः उभी होते. काप धरून ठेवायला मेण लावलं, पाण्याची धार सोडली. त्या वेळी ते माझ्यासाठी सॅम्पल होतं. त्याच्यावर आमचा नंबर होता.

लहान कोनांच्या यंत्रावर पहिल्या पट्ट्याखालचा काप लावला, आलेख साधारण आला. दुसऱ्या पट्ट्याखालचा काप लावला आणि पडद्यावरची रेघ डावीकडं, लहान कोनांच्या बाजूला, उभी चढायला लागली. आत बारीक चिरांचं जाळं होतं. क्ष-किरणांनी वरून जे सांगितलं होतं त्याला न्यूट्रॉननी आतून साक्ष दिली. तिथले यंत्र सांभाळणारे शास्त्रज्ञ म्हणाले, "सुंदर डेटा आहे." सरांनी हात पुढं केला आणि मी त्यांना टाळी दिली. कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. मला खूप आनंद झाला होता. इतक्या वर्षांत एखादी गोष्ट इतकी स्वच्छ हाती आली नव्हती. आता लिहिताना सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते. कुणाचं नुकसान करून तो आनंद झाला नव्हता, तरी वाटते.

सर कपात बघत म्हणाले, "दुसरा पट्टा जिथं आहे, तिथं वाटीचा काठ फक्त पूर्ण उकिडवं बसल्यावरच लागतो. आणि एकदा-दोनदा बसून एवढ्या चिरा पडत नाहीत. पेशंट बसायची का खाली? विचारून घे. किती वेळा, कधीपासून."

"विचारते पेशंटला," मी म्हणाले.

सरांना माहीत होतं की पेशंट कोण आहे. ते बोलण्याच्या ओघात म्हणाले. मीही म्हणाले.

घरी गेले तेव्हा आई अंगणात खुर्चीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी समोर बसले. पेन काढलं.

"आई, तू खाली बसत होतीस का? आवाज यायचा तेव्हा?"

"न्हाई."

"खरं सांग. गोळ्यावर दिसतंय."

तिचा हात थांबला. "मशिनीत दिसलं?"

"हो."

तिनं दोन-तीन शेंगा फोडल्या. मग खाली बघतच म्हणाली, "बसत हुते. कडब्याच्या गंजीमागं. उठायचं, बसायचं. उठायचं, बसायचं."

"कावून पण? डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?" घरी आले की माझ्या तोंडात गावचेच शब्द येतात.

"गाडीचा कणा वाजाया लागला की आबा काय करत्यात? वंगण घालत्यात आन फिरवत्यात. हितं वंगण तर आत जात न्हाई. म्हनलं फिरवून बघावं, मोकळा व्हतोय का."

"कधीपासून?"

"तू फोन केलतास तवापासून. तुझ्या त्या हालमधी वाजू ने म्हनून." तिनं टरफलं बाजूला सारली. "पयल्यांदा कमी झालतं बी. मग एक दिस आत कटकन झालं. तवापासून लई वाढलं. कुनाला सांगावं?"

माझ्या हातात पेन होतं आणि समोर कागद होता. माईक आहे का, पोरी गप्प बसतात का, हे तिनं कशासाठी विचारलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. ती दारात उभी असलेली मी बघितली होती आणि मला हायसं वाटलं होतं. त्याच्याआधी बसस्टँडवर मोठ्यानं बोलले होते. तिनं तो आवाज माझ्यासाठी घालवायचा ठरवला होता, कारण माझ्या तोंडावर तिला तो दिसला होता.

मी काहीतरी बोलायला गेले, पण तीच म्हणाली, "लाजच हाय बघ. मानसाचं आतलं बी दिसतंय तुमाला." आणि थोड्या वेळानं, "आबाला सांगू नको. त्यांनी मला दोनदा हटकलतं, गंजीमागं काय करतीस म्हनून. मी म्हनलं, शेण्या वाळल्यात का बघते."

"नाही सांगत."

"पुस्तकात लिवशील?"

"नाव नाही टाकत गं."

"नाव न्हाई टाकलं तरी मला ठावं हाय की."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ती शेंगा फोडत राहिली. मीही थोड्या फोडल्या. आबा शेताकडून आले तेव्हा आम्ही चहाचं बोलत होतो.

या गोळ्याचं प्रकरण प्रबंधात घ्यायचं नाही असं मी सरांना सांगायला निघाले होते. आधी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला पदवी त्याच्यावरच मिळनार ना? मग टाक. एवढं उठबस केलं ते वाया कशाला?" ती चेष्टेनं म्हणाली की मनापासून, ते मला आजही ठरवता येत नाही. मी टाकलं. रुग्ण स्त्री, शेतमजूर, वारंवार उकिडवं बसण्याचा इतिहास. 'का' याला प्रबंधात रकाना नसतो.

प्रबंधावरच्या खुल्या चर्चेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच प्रकरणाची स्तुती केली. रुग्णानं सांगितलेलं आणि विखुरण्याच्या आलेखातून निघालेलं इतकं जुळलेलं त्यांनी क्वचित बघितलं होतं. टाळ्या झाल्या. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत उभी होते. आबा आले होते. आईला मी चार वेळा फोन केला होता. "आता तर वाजत नाही," असंही मी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली. ती म्हणाली, "न्हाई बाई. मी घरीच बरी." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी आता अंबाजोगाईतच शिकवते. आईच्या डॉक्टरांनी मला एक काम लावलंय. सांधा बदलायला आलेल्या बायकांशी ऑपरेशनच्या आधी बोलायचं, कारण डॉक्टरांचं सांगणं बायका ऐकतात पण विचारत काही नाहीत. सवड असेल तेव्हा मी वॉर्डात जाते. त्यांतल्या बऱ्याच जणी टोळीवर जाणाऱ्या असतात. मी हातानं गोळा आणि वाटी करून दाखवते, खाली बसलं की काठ कुठं लागतो ते दाखवते.

परवा एकीनं विचारलं, "ताई, तुमच्या घरी कुनाला बसवलाय का?"

"आईला."

"मग कशा हायेत त्या?"

"चांगली आहे. चालते."

"आन ते वाजतंय म्हनत्यात काही जणींचं?"

"वाजतं कधी कधी."

ती शेजारणीकडं बघून हसली. शेजारीण तोंडाला पदर लावून म्हणाली, "लोकं काय म्हनतील मग?"

मी म्हणाले, वाजलं तर लगेच इथं या, घरी आपल्या मनानं काही करू नका, कुणी हसलं तर हसू द्या. हे वाक्य मी दर वेळी म्हणते, आणि दर वेळी त्यातला शेवटचा भाग म्हणताना माझा आवाज बारीक होतो. बायका माना हलवतात. त्यांतल्या किती जणी येतील, मला सांगता येत नाही.